आमदार लोरिंगचा हातप्रेस

मित्रांनो, शाळेच्या सहलीला या संग्रहालयात आलेली मुले माझ्यापुढे फार वेळ थांबत नाहीत. कोणी माझा दांडा ओढून पाहतो, कोणी माझ्या लोखंडी पायावरची चीर बोटाने चाचपते, आणि मग सगळी शेजारच्या दालनात भुसा भरून ठेवलेल्या अस्वलाकडे पळतात. त्या अस्वलाने आयुष्यात असे काय मोठे काम केले, ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

मी एक जुना हातप्रेस आहे. वर्तमानपत्र छापत आलो. मत्सर हा माझा स्वभाव. लोखंडाला गंज धरतो तसा मला तो धरतो, आणि गंज निदान तेलाने जातो. माझी कहाणी ऐकायची असेल तर ती या मत्सरासकट ऐकावी लागेल, कारण माझ्या वाट्याला एकच माणूस आला आणि तो मला कधी पुरता मिळाला नाही. त्याचे नाव ओझायस लोरिंग.

माझा जन्म पूर्वेकडच्या बंदराच्या शहरात, एका ओतशाळेत झाला. माझ्याच भट्टीतल्या लोखंडाच्या तिथे शेगड्याही ओतल्या जात. शेगडीभोवती माणसे हात शेकत बसतात, तिच्यावर मक्याची भाकरी भाजतात, तिला घरातली म्हणतात. मला तेव्हापासूनच शेगड्यांचा राग. कालव्यातून होडीने आणि पुढे बैलांच्या गाडीने मी कॉटर्स फोर्ड या नदीकाठच्या गावी पोहोचलो, तेव्हा गुडघ्याएवढ्या चिखलात उभा राहून माझी वाट पाहणारा एक उंच, हडकुळा तरुण मला दिसला. त्याने मजुरांना हात लावू दिला नाही. पेंढा स्वतः काढला, अंगातला सदरा काढून माझे अंग पुसले आणि म्हणाला, "आला रे बाबा एकदाचा."

तोच लोरिंग. गावात आधी मास्तर होता. मास्तरकी सोडून त्याने वर्तमानपत्र काढायचे ठरवले होते. नाव ठेवले ‘वॉचमन’, म्हणजे पहारेकरी. त्याची थोरली बहीण थर्झा खिळे जुळवायची. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ लावायची, आणि तिची बोटे इतकी चपळ की कोंबडी दाणे टिपते आहे असे वाटे. दांडा ओढायला गॉटलीब हासे नावाचा जर्मन माणूस होता. खांदे बैलासारखे आणि जीभ सुरीसारखी. लोरिंगने लग्न केले नव्हते. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

छपाईच्या दिवशी पहाटे कागद ओला करून दडपून ठेवत. थर्झा जुळवलेले खिळे चौकटीत बांधून ते पान माझ्या पाटावर, म्हणजे सरकत्या लोखंडी फळीवर, ठेवी, लोरिंग शाईचा रूळ फिरवी, गॉटलीब कागद लावून पाट आत सरकवी आणि दांडा ओढी. माझ्या पोटातून एक हुंकार निघे. पहिला कागद लोरिंग स्वतः उचलायचा, खिडकीशी नेऊन वाचायचा, आणि वाचता वाचता त्याचा दुसरा हात माझ्या दांड्यावर असायचा. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. तो हात माझ्यावर असताना मला जगात कोणाचाही हेवा वाटत नसे.

आमच्या गावात नदीवर होडी चालवणारा सायलस पेटीफोर्ड होता. काळा माणूस, पण कोणाचा गुलाम नव्हता. आमच्या राज्यात गुलामगिरी नव्हतीच. राज्याला त्याचा फार अभिमान. पण कायद्यात एक गोम होती. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाने कोर्टात साक्ष द्यायची नाही. एका दुपारी लाकडाचा व्यापारी ड्रेपर याच्या माणसांनी पेटीफोर्डच्या होडीचा दोर तोडला आणि ती पेटवून दिली. होडी जिथे लागे तो नदीकाठचा धक्का ड्रेपरला आपल्या लाकडांसाठी हवा होता. पाहणारे दोघेच, पेटीफोर्ड आणि त्याची मुलगी ऑर्फा. कोर्टात न्यायाधीशाने त्याला अगदी सभ्यपणे खाली बसायला सांगितले. ड्रेपर हसत घरी गेला.

लोरिंग कोर्टातून छापखान्यात आला तो टोपी न काढताच.

"थर्झा, तो उभा राहिला आणि त्याला बसवलं. तोंड उघडायच्या आधी बसवलं."

"कायदाच तसा आहे," थर्झा म्हणाली.

"मग कायदा छापू. तसाच्या तसा. लोकांना वाचू दे तरी आपण काय लिहून ठेवलंय."

"नुसता कायदा कोण वाचणार? खाली चार ओळी तुझ्या घाल. आणि टोपी काढ, माझ्या खिळ्यांवर पाणी गळतंय."

चार ओळींचे चार स्तंभ झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. ज्याला देवाने डोळे दिले त्याला तोंडही दिले, आणि आमच्या राज्याने ते शिवून टाकले, असे त्याने लिहिले. निम्म्या गावाने ‘वॉचमन’ घेणे बंद केले. उरलेल्या निम्म्याने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मग एका दुपारी ड्रेपरच्या वखारीतली माणसे घण घेऊन आली. त्यांनी खिळ्यांचे खण उचलून खिडकीबाहेर चिखलात ओतली. एक जण माझ्याकडे वळला. लोरिंग माझ्या पाटाला पाठ लावून उभा राहिला. तो काही धिप्पाड नव्हता. त्याने दोन्ही हात मागे नेऊन माझा पाट धरून ठेवला.

"बाजूला हो, मास्तर," तो माणूस म्हणाला.

"आधी मला हलवा."

गॉटलीब शाईने माखलेला रूळ घेऊन पुढे सरसावला. "नवा कोट दिसतो," तो त्या माणसाला म्हणाला. "ही शाई जवसाच्या तेलाची. सात बायकांनी धुतला तरी डाग जायचा नाही. विचार कर."

घण पडला, पण घाईत माझ्या पायावर पडला. चीर गेली ती तेव्हाची. तोवर समोरच्या चर्चमधली माणसे आणि बायका बाहेर आल्या होत्या, आणि ड्रेपरची माणसे इतक्या तोंडांसमोर पुढचे करायला कचरली. थर्झा नंतर कित्येक दिवस चिखलातून खिळे वेचत होती. मी मात्र सुखात होतो. एक माणूस माझ्यासाठी घणापुढे उभा राहिला होता. तुमच्या त्या अस्वलासाठी कोण उभे राहिले होते?

पण मित्रांनो, त्याच दुपारने त्याला माझ्याकडून नेले. घणाची गोष्ट जिल्हाभर झाली. शेतकरी बटाटे विकायला येत ते लोरिंगचा हात हातात घेऊन जात. "छापून काय होणार, लोरिंग? कायदा राजधानीत बनतो. तू तिथेच जा," असे जो तो म्हणू लागला. निवडणूक आली. त्याच्या नावाची पत्रके मीच छापली. माझ्याच हाताने मी त्याला घालवला, आणि तो निवडून आला तेव्हा गॉटलीबने माझ्या माथ्यावर चक्क फुलांची माळ घातली. मला ती काढता येईना.

टपालगाडीत बसून तो गेला. हिवाळाभर राजधानीत, उन्हाळ्यात घरी, असे त्याचे सुरू झाले. घरी आला की जेवताना, बोलताना, माझ्यापाशी उभा असतानाही एकच.

"माझं मेज खिडकीजवळ आहे, थर्झा. महोगनीचं. त्यावर पितळी पट्टी, माझ्या नावाची. वर हिरवं कापड."

"कापडावर शाई सांडते की नाही?"

"सांडू देत नाहीत. नोकर आहेत त्याला."

मेज. चार पायांचे एक लाकडी मेज. त्याने कधी एक ओळ छापली नव्हती, कोणाचे कधी काही ऐकून घेतले नव्हते. त्याच्यावर फक्त कोपरे टेकायचे. आणि माझा माणूस वर्षातले अर्धे दिवस त्याच्यापाशी बसायचा. पूर्वी त्याच्या बोटांना माझ्या शाईचा वास असे. आता साबणाचा येऊ लागला. सुरुवातीला तो राजधानीहून लेख पाठवी, ते मिरचीसारखे झोंबत. हळूहळू त्यांत "सन्माननीय मित्र" येऊ लागले, "सर्व बाजूंनी विचार करता" येऊ लागले. थर्झा खिळे जुळवताना नाक मुरडायची. "काय गं?" गॉटलीबने विचारले की म्हणायची, "वाक्य कुठे जातंय ते शोधतेय. निघालं होतं कॉटर्स फोर्डहून, पोहोचलं कुठेच नाही."

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याच्याबरोबर कर्नल स्टॅनार्ड आले. पक्षाचे मोठे पुढारी. हसरे, गुबगुबीत, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लोरिंग, राज्यभर पोहोचायचं असेल तर या आजोबांना पेन्शन द्या." महिन्याभरात पक्षाकडून वाफेचा प्रेस आला.

घरात सवत यावी तसा तो आला. गाव बघायला लोटले. बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या. तो काळा, चकचकीत, फुसफुसणारा. माणसाने नुसता कागद लावायचा, बाकी सगळे तोच करणार. मी दिवसभर जे छापत असे ते तो जेवणाआधी छापून मोकळा. आणि लोरिंगने काय केले? त्याच्या अंगावर हात ठेवला.

मला ढकलत मागच्या पडवीत नेले. तिथे सरपण होते, सलगमाची पोती होती आणि कोंबड्या होत्या. एका तांबड्या कोंबडीला माझा पाट पसंत पडला. ती त्यावर अंडी घालू लागली. फळ्यांच्या भिंतीपलीकडून मला त्या वाफेच्या प्रेसचा धडधडाट ऐकू येई, आणि प्रत्येक धडक्याला माझ्या सांध्यांतला गंज एक कण पुढे सरके. गॉटलीब कधीमधी येऊन दांड्याला चरबी चोळून जायचा. "म्हाताऱ्या," तो म्हणायचा, "त्याला कोळसा लागतो, तुला मी लागायचो. मला पण पेन्शनच मिळालीय म्हण."

लोरिंग एकदाही आला नाही.

साक्षीचा कायदा रद्द करण्याचे विधेयक लोरिंगनेच मांडले होते. दर हिवाळ्याला ते पुढे ढकलले जाई. त्या वर्षी मात्र मते जुळत आली होती. पेटीफोर्ड नवी होडी बांधून पुन्हा नदीवर उभा होता, आणि दर आठवड्याला ‘वॉचमन’ न्यायला येत होता. अशात, अधिवेशन चालू असताना, लोरिंग अचानक दोन दिवसांसाठी घरी आला. पडवीचे दार उघडे होते, आणि बहीण-भाऊ मागच्या पायरीवर बोलत उभे राहिले. म्हणून मला सगळे ऐकू आले.

"स्टॅनार्ड म्हणतात, पुढच्या आठवड्यात सभापतीची निवड आहे. मला करतील."

"आणि?"

"आणि विधेयक समितीकडे जाईल. एक वर्ष. फक्त एक वर्ष, थर्झा. सभापतीच्या खुर्चीवरून मी दहा कायदे करून घेऊ शकतो. शाळांचा, रस्त्यांचा. एका कायद्यापायी दहा घालवायचे?"

थर्झाने विचारले, "येताना होडीने आलास की पुलावरून?"

"पुलावरून."

"पूल लांब पडतो."

"हो."

"पेटीफोर्डला काय सांगू?"

"थोडं थांब म्हणावं. समजूतदार माणूस आहे."

"मग तूच सांग. समजूतदार माणसाला भेटायला एवढी लांबची वाट कशाला?"

त्याने खिशातून लेख काढून तिला दिला. मथळा होता, ‘घाई नको’. तिने तो वाचला आणि परत त्याच्या हातात ठेवला. "मी तुझं व्याकरण आयुष्यभर सुधारलं, ओझायस. याच्यात व्याकरणाची चूक नाही. म्हणून मला काही करता येत नाही. दुसऱ्या कोणाकडून जुळवून घे."

त्याने तसेच केले. राजधानीहून पक्षाने पाठवलेला एक जुळारी आता छापखान्यात होताच. लोरिंग दुसऱ्या सकाळी गेला. पुलावरूनच.

खरे सांगतो, मला त्याचा राग आला नाही. मला त्या सभापतीच्या खुर्चीचा राग आला. आधी मेज, मग वाफेचा प्रेस, आता खुर्ची. जगातली प्रत्येक वस्तू माझ्यापेक्षा त्याला प्यारी होती.

लोरिंग गेला त्याच सकाळी पेटीफोर्ड आला. ऑर्फा बरोबर होती, आता मोठी झालेली. लोरिंग होडी टाळून पुलावरून आला-गेला हे त्याला कळले होते, आणि त्यावरून बाकीचे त्याने ओळखले. पुलावरच्या टोलनाक्याचा माणूस त्याचा मित्र होता. तो थर्झाला म्हणाला, "मिस लोरिंग, एक काम होतं. कोर्टात मला बोलता आलं नाही. ते मला छापून हवंय. मी बोलतो, तुम्ही जुळवा."

थर्झाने त्याला पडवीत आणले. पुढच्या खोलीत पक्षाचा जुळारी होता.

"नाव घालायचं?" तिने विचारले. "ड्रेपरची माणसं पुन्हा तुमच्या घरापर्यंत येतील."

"मी कोण ते त्यांना ठाऊकच आहे. नाव घातलं तर बाकीच्यांना कळेल."

गॉटलीबने तांबड्या कोंबडीला उचलून सलगमाच्या पोत्यावर ठेवले. ती फार रागावली. मला तिची काही कीव आली नाही. त्याने माझा पाट खरवडला, राखेने घासला, सांध्यांत तेल सोडले. थर्झाने खिळ्यांचा एक जुना खण आणून सरपणावर मांडला. पेटीफोर्ड टोपी हातात धरून उभा राहिला, अगदी कोर्टात उभे राहावे तसा, आणि बोलू लागला.

"मी सायलस पेटीफोर्ड. कॉटर्स फोर्डला होडी चालवतो. त्या दुपारी मी पलीकडच्या काठावर एका बाईंची गाय उतरवत होतो..." तो संथपणे बोलत होता आणि थर्झाची बोटे त्याच्या तोंडातून शब्द टिपून सरळ शिशात लावत होती. कोणी दोर तोडला, कोणी मशाल धरली, कोण मागे उभे राहून हसत होते, हे सगळे त्याने सांगितले. एकही शब्द चढवून नाही. मध्येच तो अडला. "माझी मुलगी पाण्यात उतरली होती दोर धरायला," तो म्हणाला, "ते राहू दे. ते तिचं आहे."

"घाला," ऑर्फा म्हणाली. "मी पण पाहिलंय. माझंही नाव घाला."

भिंतीपलीकडे वाफेचा प्रेस धडधडत ‘घाई नको’ छापत होता. अलीकडे मी. त्याच्या आवाजात माझा हुंकार कोणाला ऐकू गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याच्या धडधडाटाचा उपयोग झाला. गॉटलीबने इतक्या वर्षांनी दांडा ओढला, आणि माझ्या पायातली चीर ठणकली, पण मी एक अक्षर पुसट येऊ दिले नाही. पहिला कागद थर्झाने उचलला आणि खिडकीशी नेला नाही. पेटीफोर्डच्या हातात दिला. त्याने तो वाचला. मग घडी न घालता ऑर्फाला दिला.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, हे मी न्यायासाठी केले का? मी प्रेस आहे. माझ्या मनात एकच होते: माझा कागद त्या मेजावर पडू दे. त्या हिरव्या कापडावर माझी ओली शाई लागू दे.

गॉटलीब गठ्ठा घेऊन टपालगाडीने राजधानीला गेला. चार दिवसांनी परतला तो थेट पडवीत. थर्झा सलगम निवडत बसली होती.

"आत कसा गेलास?" तिने विचारले.

"कोळशाची टोपली घेऊन. शेगडी पेटवणाऱ्याला कोण अडवतो? सगळ्यांच्या मेजावर एकेक ठेवला. लोरिंगच्या मेजावर मधोमध."

"मग?"

"आला. बसला. कागद पाहिला. आधी त्याने काय केलं माहितेय? वाचला नाही. वास घेतला." गॉटलीबने नाकाशी हात नेऊन दाखवला. "आपली शाई ओळखली त्याने. मग वाचला. मग पुन्हा वाचला. विधेयक समितीकडे पाठवायचा ठराव आला तेव्हा स्टॅनार्डनी त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि हा उठला. मला वाटलं, आता आपला लेख म्हणून दाखवणार."

"आणि?"

"म्हणाला, 'माझ्या शेजाऱ्याला या राज्यात बोलायची बंदी आहे. मला नाही. म्हणून मी त्याचं वाचतो.' आणि सगळं वाचलं. गायीपासून. स्टॅनार्ड मध्ये ओरडले, कोणीतरी घंटा बडवली, हा थांबला नाही. मुलगी पाण्यात उतरली तिथे आला तेव्हा त्याचा आवाज गेला. तर पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी, विरोधी पक्षाचा बरं का, म्हणाला, 'सावकाश वाच बाबा, आम्ही थांबतो.'"

थर्झाने एप्रनने नव्हे, सलगमाच्या मातीने भरलेल्या हातानेच डोळे पुसले. "आणि मग?"

"मग काय. सभापती दुसराच झाला."

त्या अधिवेशनाच्या शेवटी कायदा रद्द झाला, दोन-चार मतांच्या फरकाने. वर्तमानपत्रांनी लोरिंगचे भाषण छापले. भाषण कसले, पेटीफोर्डचे शब्द होते, आणि कागद माझा होता. माझे नाव कोणी घेतले नाही. तेव्हा मला लोरिंगचाही मत्सर वाटला, हे वेगळे सांगायला नकोच.

पक्षाने त्याला टाकले. माणसे येऊन वाफेचा प्रेस उचलून घेऊन गेली. तो जाताना मी पडवीतून पाहत होतो आणि मला फार बरे वाटले. पुढच्या निवडणुकीत लोरिंग हरला. त्या संध्याकाळी तो पडवीत आला. कितीतरी वर्षांनी त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला. हात मऊ झाला होता. मला वाटले, आता सगळे पूर्वीसारखे होणार.

"थर्झा," तो म्हणाला, "वॉचमन तू चालव. पहारेकरी झोपला होता. त्याला उठवून पुन्हा त्याच जागेवर बसवायचं नसतं."

"आणि तू काय करणार?"

"गॉटलीबचा खांदा दुखतो. मी दांडा ओढीन."

"जमेल? आमदार होतास तू."

"शिकव."

असा तो माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी त्याच्या तळव्यांना फोड आले. गॉटलीब बाजूला स्टुलावर बसून त्याला शिव्या घालायचा: "पाठीतून ओढ, आमदार, भाषणातून नको." गावातले लोक खिडकीशी थांबून बघत. काही हसत, काही टोपी काढत. आणि मी? त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते. पण डोळे कागदावर, थर्झाने लिहिलेल्या ओळींवर. तो छापताना वाचायचा आणि स्वतःशी मान हलवायचा. त्याला आता माझ्यापेक्षा बहिणीचे अक्षर अधिक आवडत होते. सुख पुरते मिळत नाही, मित्रांनो. निदान मला तरी मिळाले नाही.

पुढे लोक त्याला पुन्हा घेऊन गेले. एकदा हरला, एकदा जिंकला, म्हातारपणी पुन्हा त्या महोगनीच्या मेजापाशी बसून आला. त्याचे मला आता फारसे काही सांगायचे नाही. सांगायचा आहे तो एकच दिवस, कायदा रद्द झाल्यानंतरच्या वसंतातला.

ड्रेपरच्या माणसांनी त्या वर्षी पुन्हा खोडी काढली. लाकडांचा तराफा मुद्दाम सोडून पेटीफोर्डचा नवा धक्का मोडला. पाहणारी पुन्हा एकटी ऑर्फा. खटला कोर्टात उभा राहिला. त्या दिवशी छपाईचा वार होता. पान बांधून माझ्या पाटावर तयार होते, कागद ओला करून ठेवला होता. आणि सकाळी थर्झाने एप्रन सोडला, गॉटलीबने डोक्याला पाणी लावून केस चपटे केले, लोरिंगने टोपी घेतली.

"कागद वाळेल," गॉटलीब म्हणाला.

"वाळू दे," थर्झा म्हणाली. "पुन्हा भिजवू."

दाराला कुलूप लावून ते तिघे चौकापलीकडे कोर्टात गेले. सगळे गाव गेले. मी एकटाच उरलो. ओला कागद हळूहळू वाळत होता, खिळ्यांवरून ऊन सरकत होते. कोर्टाच्या खिडक्या उघड्या होत्या. आधी खुर्च्यांचा खडखडाट ऐकू आला, मग शांतता. मग एका बाईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते इतक्या दुरून. पण तो थांबत नव्हता. कोणी त्याला खाली बसवत नव्हते. तो चालत राहिला, चालत राहिला, आणि एवढे मोठे गाव गप्प राहून ऐकत होते.

आयुष्यभर मी मेजाचा हेवा केला, खुर्चीचा केला, वाफेच्या प्रेसचा केला. पण त्या दिवशी कोर्टातल्या साक्षीदाराच्या त्या लाकडी कठड्याचा जेवढा केला तेवढा कशाचाही नाही. एवढ्याशा फळ्या. त्यांना शाई लागत नव्हती, कागद लागत नव्हता, मीही लागत नव्हतो. माणूस त्यांच्यामागे उभा राहून बोलला की झाले.

संध्याकाळी ते परत आले. कौल पेटीफोर्डच्या बाजूने लागला होता. गॉटलीबने कागद पुन्हा भिजवला. थर्झाने पानातला एक लेख काढून तिथे चार ओळी बसवल्या: ऑर्फा पेटीफोर्ड यांनी आज साक्ष दिली व ती ऐकली गेली. बाकी काही नाही. लोरिंगने दांडा ओढला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे अंग चकचकीत करू नका, त्याने काही होत नाही. माझ्या सांध्यांत तेल सोडा, दांडा हलता ठेवा, खिळ्यांना धूळ बसू देऊ नका. कधी कोणी टोपी हातात धरून दारात उभे राहील, ज्याला बोलायला उठल्यावर बसवले गेले असेल. त्याला त्या अस्वलाकडे नेऊ नका. माझ्याकडे आणा.